जाणारीचा शेवट

मला प्रेमकथा आवडत नाहीत. त्यातून जुन्या काळातल्या, खेड्यातल्या, दुष्काळातल्या प्रेमकथा तर मुळीच नाहीत. हे मी पिंजौरच्या त्या अंगणात पहिल्याच दिवशी, लेखिकेच्या तोंडावर, तिच्याच घरचे पोहे खाता खाता सांगून टाकलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरंच आहे. त्या बाईंनी मात्र माझ्या बशीत आणखी पोहे वाढले आणि म्हणाल्या, "बरं झालं. आवडणाऱ्या पुष्कळ जमल्यात इथं. एक न आवडणारी पाहिजेच होती."

त्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. ठेंगणी मूर्ती, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलताना समोरच्याकडे अशा रोखून बघायच्या की आपण काहीतरी लपवलंय असं वाटावं. माहेर माणदेशातलं, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो तिथलं. लग्न होऊन त्या थेट चंडीगडला आल्या, कारण काका सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. भिंगं, दुर्बिणी, असलं काहीतरी नाजूक काम. काका निवृत्त झाल्यावर नातेवाइकांना वाटलं, आता ही दोघं पुण्याला येऊन फ्लॅट घेणार. त्यांनी कालका रोडच्या आत, पिंजौरला छोटं घर बांधलं आणि नातेवाइकांना हिमाचलची सफरचंदं पाठवून गप्प केलं.

आम्ही राहायचो विमानतळाजवळच्या एयरोसिटीत, भाड्याच्या घरात. नवरा हवाई दलात, आणि सरकारी घराचा नंबर काही लागत नव्हता. आमच्यासारख्याच आणखी काही फौजी घरातल्या मराठी बायका होत्या. शनिवारी दुपारी दोन गाड्या भरून आम्ही पिंजौरला जायचो. झिरकपूरच्या जॅममध्ये अर्धा जीव जायचा. माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर हिंदीतच देते, ती दर शनिवारी विचारायची, "मम्मा, आप इतनी दूर सिर्फ स्टोरी सुनने जाते हो? सीरियसली?"

हो, स्टोरी ऐकायला. काकू कादंबऱ्या लिहायच्या, आणि लिहिलेलं प्रकरण आधी आम्हाला वाचून दाखवायच्या. थंडीत अंगणात सतरंजी टाकून उन्हात, उन्हाळ्यात आत कूलरसमोर. काकाही तिथंच असायचे. काकूंची पुस्तकं कोल्हापूरकडचा एक लहानसा प्रकाशक छापायचा आणि ती गावोगावच्या वाचनालयांत जायची. समीक्षक वगैरे लोकांनी त्यांचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता नव्हती, आणि काकूंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या इंग्रजांच्या काळातल्या, माणदेशातल्या, आणि सगळ्यांत दुष्काळ. आणि त्या दुष्काळात कुणीतरी कुणाच्यातरी प्रेमात.

"दुष्काळात कुणाला प्रेम सुचतं हो काकू?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दुष्काळातच सुचतं," त्या म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं की माणसाला झोप येते."

तेव्हा चालू असलेल्या कादंबरीतला नायक पाथरवट होता. गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावायचा, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यावर छिन्नीनं पुन्हा खरखरीत घाव घालून द्यायचा. आणि नायिका काय करते? गावात दळायला दाणा नाही, लोक झाडाच्या शेंगा उकडून खाताहेत, आणि ही पोरगी त्याला हाक मारून जात्याला टाकी लावून घेते. मी तिथल्या तिथं उसळले. म्हटलं, हे अति होतंय. उपाशी बाई जातं कशाला दुरुस्त करील? काकूंनी चष्मा खाली घेतला.

"एक तर त्याला थांबवायला निमित्त पाहिजे होतं. तेवढं तुला कळलं असंल, तूही कधीतरी तरणी होतीस." सगळ्या हसल्या. "आणि दुसरं, दाणा आला त्या दिवशी जातं तयार नको? तेव्हा कुठं पाथरवट शोधत फिरणार?"

मी कृष्णाकाठची. आमच्याकडे पुराची भीती, दुष्काळ फक्त पेपरात वाचायचा. तरी परत येताना गाडीत माझं डोकं त्या जात्यातच अडकलं होतं. हिला दाणा येणार याची खात्री कुठून आली? खात्री नव्हतीच. तिनं नुसतं जातं तयार ठेवलं. पुढच्या शनिवारी जायचं नाही असं ठरवूनही मी सगळ्यांच्या आधी गाडीजवळ जाऊन उभी होते.

मग माझं असं झालं की मी भांडायलाच जायचे आणि हरून परत यायचे. एका प्रकरणात ती दोघं दुष्काळी कामावर जातात. तलावाच्या बांधासाठी खडी फोडायची आणि पाट्या वाहायच्या. तो फोडणार, ती वाहणार. तो तिची पाटी अशी भरतो की खाली मोठे, वेडेवाकडे धोंडे एकमेकांवर टेकवून मध्ये पोकळी ठेवायची आणि वर बारीक खडी पसरायची. मुकादमाला पाटी भरलेली दिसते, आणि डोक्यावर घेताना ती हलकी असते. दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ती पहिल्या खेपेला पाटी उचलते, तिला वजन कळतं, आणि ती मागं वळून बघत नाही, कारण बघितलं तर हसू येईल. हे ऐकताना माझ्या हातातले पोहे गार झाले. इतकी वर्षं संसार करून मला नवऱ्याच्या प्रेमाची याच्यासारखी एकही गोष्ट पटकन आठवेना, म्हणून त्या रात्री मी त्याच्यावर विनाकारण चिडले.

काकूंच्या नायिकेची देवभक्तीसुद्धा मला पटली, आणि मी काही फार देवधर्म करणारी नव्हे. ती बिरोबाच्या देवळात रोज जाते, पण मागत काहीच नाही. दिवसभरात काय झालं ते त्याला सांगते, कधी त्याच्यावर डाफरते, आणि उठताना म्हणते, "उद्या येते." बस, एवढीच तिची प्रार्थना. काकूंच्या लिखाणात भूक सजवलेली नसायची. पोरं मरायची, म्हातारी माणसं आपला घास बाजूला सारायची, सगळं तसंच्या तसं. तरी ऐकून उठताना अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. त्यांचा एक नियम होता: शेवटी पाऊस पाडायचा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाऊस पाडला की सगळं पावसानंच केलं असं होतं. माणसांनी काय केलं ते राहूनच जातं मग."

आता आमच्यातल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. काकूंची कादंबरी रमतगमत चालायची, वर्षानुवर्षं. आणि आम्ही पडलो फौजी बायका. दोन-तीन वर्षं झाली की पोस्टिंगची ऑर्डर येते, ट्रंका भरायच्या, पोरांच्या शाळा बदलायच्या, चला पुढच्या गावी. म्हणजे पुस्तकाच्या शेवटापर्यंत पिंजौरच्या अंगणात कुणीच टिकणार नाही. म्हणून कुणाचं पोस्टिंग आलं की तिच्या शेवटच्या शनिवारी काकू तिला स्वयंपाकघरात घेऊन जायच्या, दार लावायच्या आणि कादंबरीचा शेवट फक्त तिला सांगायच्या. तो जाणारीचा हक्क. अट एकच, पुस्तक छापून येईपर्यंत तिनं तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. आणि गुपित राखण्यात फौजी बायका आपापल्या नवऱ्यांपेक्षा पक्क्या असतात.

माझ्यासमोर दोघी अशा गेल्या. गेलेल्या बाईला आम्ही तिच्या नव्या गावाच्या नावानं ओळखायचो, म्हणून त्या जोधपूर आणि तेजपूर. जोधपूर वयानं लहान. तिचा नवरा तेव्हा सीमेवर होता आणि फोन वाजला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. तेजपूर उंच, रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. प्रत्येक बदलीत तिला नोकरी सोडावी लागली होती आणि शेवटी तिनं अर्ज करणंच सोडून दिलं होतं. तोवर दोघांचं लग्न झालं होतं, आणि लगोलग पाथरवटाला मुकादमानं लांबच्या कालव्याच्या कामावर पाठवून दिलं होतं. त्याचा निरोप नाही, काही नाही, आणि नायिका गावात वाट बघत राहिली होती. तो येतो की नाही येतो, या एका प्रश्नावर आम्ही सगळ्या टांगलेल्या होतो. जोधपूर स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली. तेजपूर आली ती ताठ मानेनं. आम्ही दोघींना छळछळ छळलं, पण एकीनंही तोंड उघडलं नाही.

मग एका शनिवारी काकांनी चहाचा ट्रे बाहेर आणला. आम्हाला कप दिले, काकूंपुढं वाकून कप धरला आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही साखर घेता का?"

आम्ही हसलो. काकांची थट्टा करायची रीतच तशी, असं वाटलं. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, "घेते. एक चमचा." काकांनी साखर घातली, ढवळून दिली. ती थट्टा नव्हती हे आम्हाला बऱ्याच आठवड्यांनी कळलं, आणि काकूंना ते त्या क्षणीच कळलं होतं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. काकांना भिंगांबद्दल विचारलं तर ते अजूनही तासभर बोलत, शेजारच्या सरदारजींना ओळखत, पिंजौरहून चंडीगडला कुठली बस कुठून सुटते ते सांगत. नेमक्या काकूच तेवढ्या पुसल्या गेल्या होत्या. त्यांच्याशी ते फार नीट वागायचे. वाटेत आल्या की बाजूला सरायचे, ताट पुढं केलं की "कशाला त्रास घेतलात" म्हणायचे. जन्मभर ज्या बाईला "अगं ऐकलंस का" म्हणून हाक मारली, तिला आता "अहो बाई" म्हणायचे.

"घरात एक सभ्य पाहुणा राहायला आलाय," काकू मला म्हणाल्या. "माझं मन दुखेल असं काही बोलत नाही. पाहुणा कधी बोलतो?"

त्यांनी काकांचं करण्यात कणभर कसूर केली नाही. आंघोळ, गोळ्या, संध्याकाळचा फेरफटका, सगळं वेळच्या वेळी. शेजारची पंजाबी आंटी साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, घेऊन यायची आणि "बहनजी, हौसला रखो" म्हणायची. काकू म्हणायच्या, "रखा है जी, पक्का रखा है," आणि तिच्याकडून सागाची कृती नव्यानं समजून घ्यायच्या. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बाई तिच्या नायिकांपेक्षा वरचढ आहे. फक्त एक झालं. काकूंनी लिहिणं बंद केलं. सुरुवातीला आम्ही नुसता चहा पिऊन परत यायचो, मग येणाऱ्याही कमी होत गेल्या. काही दिवसांनी अंगणातली सतरंजी घालणंच थांबलं.

आणि माझ्या नवऱ्याचं पोस्टिंग आलं. बागडोगरा, पार उत्तर बंगालात.

मी एकटीच गाडी काढून पिंजौरला गेले. काकू मेथी निवडत होत्या, काका आत झोपले होते. मी म्हटलं, "काकू, माझी ऑर्डर आली. चला स्वयंपाकघरात."

त्यांना अर्थ कळला, पण त्या उठल्या नाहीत. "शेवट नाही गं. बंद केलं मी ते."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे बंद." मेथीची काडी त्यांनी उगाच मोडली. "आयुष्यभर मी लिहीत आले की बाईनं चिकाटी धरली, विश्वास ठेवला, तर तिला शेवटी काहीतरी मिळतं. मला ठाऊक नव्हतं म्हणून लिहिता आलं. आता ठाऊक झालंय. आता कुठल्या तोंडानं लिहू?"

मी उरलेली मेथी निवडून दिली आणि निघाले. परतताना पंचकुल्याच्या सिग्नलला मी चक्क रडले. मला भीती वाटली. ही बाई हरली तर आपण कुणाकडे बघायचं, असा सरळ स्वार्थी विचार माझ्या मनात होता. कादंबरी पुरी होते की नाही याच्याशी मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. काकूंनी स्वतःवरचा विश्वास टाकला होता, आणि तो परत कसा आणायचा ते मला कळत नव्हतं.

मग एक गोष्ट सुचली. शेवट दोघींना ठाऊक आहे. त्यांच्याकडून घ्यायचा आणि काकूंना त्यांचाच शेवट ऐकवायचा. कदाचित ऐकून त्यांचा हात चालेल. मी जोधपूरला फोन लावला. ती आधी ऐकेचना. "नियम मोडायला सांगताय तुम्ही?" मी काकांची हकीकत सांगितली तेव्हा म्हणाली, "तो येतो. पायात कळ घेऊन येतो, उशिरा येतो, पण येतो. ती दारातच असते."

मला बरं वाटलं. खात्रीसाठी तेजपूरला फोन केला. ती म्हणाली, "तो येत नाही."

"नीट आठव."

"नीट आठवतंय. तो कधीच येत नाही. ती त्याची छिन्नी-हातोडी उचलते आणि स्वतः गावोगाव टाकी लावत हिंडते. लोक आधी हसतात, मग तिच्यासाठी थांबून राहतात."

माझं डोकं फिरलं. म्हणजे काकूंनी आम्हाला चक्क बनवलं होतं! एकीला हे, दुसरीला ते, आणि वर तोंडाला कुलूप लावून दोन शेवटांची गाठ पडणार नाही याची व्यवस्था. मी तेजपूरला हे रागारागानं सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेत अर्ज टाकला. अकरावी-बारावीला शिकवते आता. तो परत आला असता तर मी टाकला नसता." मी जोधपूरला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, नवरा सीमेवरून परत येईपर्यंतचे सगळे महिने मी त्या दारात काढले, आणि माझा शेवट खोटा होता असं कृपा करून मला सांगू नका.

माझा राग विरघळला तो तिथं. पण भांडायची खुमखुमी तशीच होती, आणि ती घेऊन मी निघायच्या आदल्या दिवशी पिंजौरला गेले.

धुक्याचे दिवस संपून पहिल्यांदाच नीट ऊन पडलं होतं. काकूंनी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. काका गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात परातीत किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि बसायला सांगितलं. मी बसले आणि काकूंना सगळं सांगून टाकलं, दोन्ही फोन, दोन्ही शेवट, शाळेची नोकरी, दारात काढलेले महिने. म्हटलं, "काकू, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"फसवलं कुठं? मलाच कुठं ठाऊक होता शेवट?" त्या म्हणाल्या. "मी आधी ठरवतच नाही. पोरगी समोर उभी राहिली, तिच्याकडे बघितलं, की शेवट दिसायचा. त्या त्या वेळी तोच खरा वाटायचा मला."

"मग माझ्याकडे बघा. मी जाणारी आहे. माझा हक्क आहे."

"तुझ्याकडे बघून काही दिसत नाही. तुझं सगळं चांगलं चाललंय, दृष्ट लागण्यासारखं." "एक शेवट आहे. पण तो तुझा नाही. तो मला सारखा दिसतो आणि मला नको असतो."

"तोच सांगा."

स्वयंपाकघरात जायचं तर काकांना एकटं सोडावं लागलं असतं, म्हणून काकूंनी तिथंच, उन्हात बसून, हळू आवाजात सांगितला. तो मी इथं लिहिते आहे तो त्यांना विचारूनच.

"तो येतो. पुष्कळ वर्षांनी. कालव्यावर तापानं पडला होता, तेव्हापासून मागचं काही राहिलेलं नाही. पायांनी त्याला आणलंय. तिच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, 'बाई, पाणी मिळंल का?' ती पाणी देते. तिनं त्याला ओळखलेलं असतं, लांबूनच, चालीवरून. ती म्हणते, आज इथंच टेका. तो टेकतो. रोज सकाळी उठून तो तिला विचारतो, 'बाई, तुम्ही कोण?' एक दिवस ती खरं सांगते. मी तुमची बायको, म्हणते. तर तो घाबरतो, उठून वाटेला लागतो. तिला मागं पळत जाऊन परत आणावा लागतो. त्या दिवसापासून ती सांगते, मी शेजारची."

हे कुठल्या घरात घडलं होतं ते मला विचारावं लागलं नाही. काकू इतका वेळ काकांकडे बघत नव्हत्या, आता माझ्याकडेही बघेनात.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं मला दिसत नाही. ती दमलीय. रोज उठून परक्या माणसाचं करायचं, आणि त्याला त्यातलं काही पोचतंय की नाही हेही कळत नाही. ती कशाच्या आधारावर करील? तिथंच अडलंय. म्हणून बंद केलं."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं आणि जे जे सुचत होतं ते सगळं पुस्तकी होतं.

"तो माणूस तिथंच राहतो ना?" काकांनी विचारलं.

आम्ही दोघी दचकलो. काकू म्हणाल्या, "कोण?"

"तो. पाणी मागायला आलेला."

"राहतो."

काकांनी मान हलवली. भिंगांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता, पक्की माहिती असलेल्या माणसाचा. "त्याला बरं वाटतं तिथं," ते म्हणाले. "का ते त्याला सांगता येणार नाही. पण ती बाई घरात हिंडत असली की त्याला बरं वाटतं. ती दिसली नाही की त्याला चैन पडत नाही." मग त्यांना एकदम काळजी वाटली असावी. ते काकूंकडे वळले. "अहो बाई, हे तिला ठाऊक नसणार. तिला कुणीतरी सांगायला हवं."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग त्यांनी तो खाली घेतला, नीट खोचला, आणि म्हणाल्या, "सांगते मी तिला."

"नक्की सांगा."

"नक्की."

तेवढ्यानं काकांचं समाधान झालं. ते परातीतला एक किन्नू घेऊन सोलायला लागले. काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, तोंड धुवायला गेल्या असतील. त्या बाहेर आल्या त्या कागद आणि पेन घेऊन, आपली खुर्ची ओढून काकांच्या खुर्चीला चिकटवली आणि लिहायला बसल्या. मी थोडा वेळ थांबले, घसा खाकरला, उद्या ट्रक येणार आहे म्हणाले, निघते म्हणाले, वाकून नमस्कारसुद्धा केला. काकूंनी मान वर न करता डावा हात माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा केला, तो माझ्या कानाला लागला, आणि उजवा हात चालूच राहिला. मला कुणी निरोप देताना इतकं दुर्लक्ष कधी केलं नव्हतं, आणि मी इतकी आनंदात पिंजौरहून कधी परतले नव्हते.